पान त्रेसष्टवरचा वाचक

धम्मदिना भालेरावच्या प्रबंधाचा तिसरा अध्याय एका ओळीवर उभा होता, आणि ती ओळ तिने कधी पाहिलेली नव्हती.

पीएचडी करणाऱ्यांचं असं होतं. अध्यायाच्या सुरुवातीला तिने लिहिलं होतं, ‘तरे यांच्या लेमा ४.७ वरून’, आणि मग पुढची एकतीस पानं त्या लेमाच्या, म्हणजे आधीच सिद्ध झालेल्या छोट्या प्रमेयाच्या, खांद्यावर बसून आरामात निघाली होती. विषय कापडाचा होता; म्हणजे गणितातल्या कापडाचा. उभे धागे, आडवे धागे, आणि चौकटीच्या कागदावर काळे-पांढरे चौकोन. काळा चौकोन असेल तिथे उभा धागा वर, पांढरा असेल तिथे आडवा. नक्षी पुन्हा पुन्हा तीच. प्रश्न एवढाच, की असं कापड एकसंध राहील, की उचलल्यावर त्याचे दोन सुटे थर हातात येतील? सावळाराम तरे नावाच्या गृहस्थांनी १९७४ साली आपल्या प्रबंधात सिद्ध केलं होतं, की अमुक एक अट पाळली तर कापड सुटत नाही. भिवंडीत राहून कापडावर पीएचडी करते म्हटल्यावर गल्लीतल्या लोकांची समजूत झाली होती, की पोरगी शेवटी लूम टाकणार. तिने ती दुरुस्त करणं सोडून दिलं होतं.

महिनाअखेरीपर्यंत हा अध्याय विद्यापीठात गेला नाही तर तिची नोंदणी संपणार होती. आणि समितीने फक्त एक शंका काढली होती: तरे यांचा पान क्रमांक?

तिने शोध घरूनच सुरू केला. गणितातल्या निबंधांची परीक्षणं जिथे जमा होतात त्या मोठ्या संकेतस्थळावर तरे यांच्या नावासमोर एकच वाक्य होतं: ‘परीक्षकाकडे प्रत पोचली नाही.’ सरकारी प्रबंध-भांडारात प्रबंध चढवलेला होता. मुखपृष्ठ, दाखला, ऋणनिर्देश, आणि मग एकदम संदर्भसूची. मधल्या एकशेवीस पानांपैकी फक्त पान त्रेसष्ट स्कॅन झालं होतं, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत कुणाचा तरी अंगठा होता. अंगठा निरोगी होता. बाकी काही वाचता येत नव्हतं.

मग तिने तरे यांचा हवाला देणारे निबंध शोधले. सतरा निघाले. तिने लेखकांना पत्रं लिहिली. पोलंडच्या गृहस्थांनी कळवलं, की हा लेमा त्यांनी एका जपानी निबंधातून घेतला. जपानी बाईंनी कॅनडाकडे बोट दाखवलं. कॅनडाच्या माणसाने फार सभ्यपणे लिहिलं, की आपण तो पोलंडहून घेतला आणि तिकडे सगळे मजेत असावेत. प्रबंध कुणीच पाहिला नव्हता.

शेवटी तिने विद्यापीठ ग्रंथालयाच्या पानावर कोपऱ्यात लुकलुकणारी ‘ग्रंथपालांना विचारा’ ही चौकट उघडली. उत्तर दोन दिवसांनी आलं. ‘एकच प्रत. ठिकाण: बाह्य संग्रह, राहनाळ, ता. भिवंडी.’

धम्मदिना हे घरी खाटेवर बसून वाचत होती. राहनाळ तिथून शेअर रिक्षाने पंधरा मिनिटं. मुंबईतल्या ग्रंथालयाला जागा पुरेना, तेव्हा त्यांनी जुने प्रबंध खोक्यांत भरून गोडाऊनला पाठवले होते. अख्ख्या देशाचे मिक्सर आणि डायपर जिथे ठेवतात, तिथेच. पण नियम असा, की खोकं राहनाळहून टेम्पोत बसून मुंबईला जाणार, मग धम्मदिना भिवंडीहून मुंबईला जाणार, आणि दोघांची भेट वाचनकक्षात होणार. तिने मागणी नोंदवली. चार वेळा. चारही वेळा उत्तर आलं: ‘वाचकाकडे आहे.’

‘कोणत्या वाचकाकडे?’ तिने चौकटीत विचारलं.

‘नोंद नाही.’ थोड्या वेळाने, तिने काहीच न विचारता, खाली आणखी एक ओळ उमटली. ‘कृपया त्यांचं झाल्यावर या.’

तिने फोन पालथा ठेवला. मग उचलला, ती ओळ पुन्हा बघायला. ओळ नव्हती.

घरात असल्या चमत्कारिक गोष्टींना बंदी होती. तिची आई शांताबाई सरकारी दवाखान्यात नर्स. दर रविवारी विहारात जाणारी, आणि भूत-देवस्कीचं नाव काढणाऱ्याचा आधी रक्तदाब मोजणारी. तेव्हा धम्मदिनाने आईला ‘लायब्ररीत जाते’ एवढंच सांगितलं आणि राहनाळची रिक्षा पकडली. ते खोटंही नव्हतं.

*

गोडाऊन नंबर नऊ पत्र्याचं होतं, आणि भर दुपारी बाहेर पत्रा तडतडत असताना आत गारवा होता. सुपरवायझर शैलेश म्हात्रे हातात स्कॅनर घेऊन आला. पूर्वी तो लूमवर होता. लूम बंद पडले तसा इकडे लागला.

“प्रबंध? मॅडम, ते खोकं अकराशे चौऱ्याऐंशी ना? ते पेंडिंगला हाय.”

“चार वेळा मागितलं मी. वाचकाकडे आहे म्हणून कळवलं.”

“मग बरोबरच कळवलं.” शैलेशने स्कॅनर पुढे धरला. “हे बघा. पिकर खोकं काढायला गेला का याच्यावर चार बटनं येतात. सापडलं, फाटलं, सापडलं नाय, वाचकाकडे हाय. पोरगा बिहारचा हाय, प्रामाणिक. जाऊन आला आणि बोलला, ‘भाईसाब, वहाँ तो एक साहब बैठ के पढ रहे हैं.’ मग कोणतं बटन दाबणार तो?”

“साहब म्हणजे?”

शैलेशने मान खाजवली. “आता तुम्ही शिकलेले लोक. सांगतो. दर मोजणीला आमचा माल एक नग जास्त भरायचा. कमी भरला तर समजू शकतो. जास्त कसा? मोजणीचा हिशोब जुळेना. मग मुंबईहून लायब्ररीचे साहेब आले. त्यांनी बघितलं. घाम पुसला. बोलले, पुस्तकासोबत सीडी नाहीतर नकाशा असला तर त्याचा वेगळा रकाना असतो, ‘सोबतचं साहित्य’. तिथं टाकून द्या. टाकलं आम्ही.”

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. खोकं ११८४, प्रबंध, नग एक. सोबतचं साहित्य: इसम, बसलेला, एक. वजन: शून्य.

“लहानूकाका, मॅडमना सोडून या,” शैलेश म्हणाला, आणि स्वतः उलट्या दिशेने निघून गेला.

लहानू वॉचमन होता. अंबाडी गावाच्याही पलीकडच्या पाड्यावरून रोज येणारा, पन्नाशीचा, सुकलेल्या लाकडासारखा माणूस. तो खोक्यांच्या भिंतींमधून पुढे चालला.

“काका, तुम्हाला भीती नाही वाटत?”

“कशाची? आमच्याकडं जुनी मान्सं घरातच असतात. जेवनाआधी त्यांच्या नावाचा घास काढायचा, मंग आपन खायचं. ह्याला घास नको.” तो थांबला. “ह्याला पान उलटता येत न्हाय. हात आरपार जातो. मंग मी सकाली ड्युटीवर आलो का येक पान उलटून देतो.”

“म्हणजे वाचून होत आला असेल आता प्रबंध.”

“न्हाय ना, बाय. उलटला का बोलतो, मागं घे. रोज. तीन वर्सं झाली, त्येच पान.”

खोक्यांची भिंत संपली आणि पलीकडे पालथ्या क्रेटवर एक गृहस्थ बसले होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, उजव्या दंडावर खडूची भुकटी. त्यांच्या छातीतून मागच्या खोक्यावरची ‘उलटे ठेवू नये’ ही सूचना स्वच्छ वाचता येत होती. खिशावर बारकोडचा स्टिकर होता. तो शर्टाला चिकटलेला नव्हता, नुसता हवेत होता, आणि ते श्वास घेत नसल्यामुळे अजिबात हलत नव्हता. मांडीवर, म्हणजे मांडीतून क्रेटवर टेकलेला, प्रबंध. पान त्रेसष्ट.

धम्मदिना पळाली नाही, कारण पान त्रेसष्ट तिला पहिल्यांदाच अंगठ्याविना दिसत होतं.

“बसा,” तरे सर मान वर न करता म्हणाले. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, पण तो जरा उशिरा येत होता, आधी ओठ हलत आणि मग शब्द. “तुम्ही अठराव्या का?”

“सर?”

“सतरा जणांनी माझा हवाला दिला आहे. मी गेलो तेव्हा एकानेही दिला नव्हता. मला वाटलं, सुटलो. निघालो होतो हो मी. मग पहिला निबंध आला, आणि कुणीतरी मागून सदरा धरावा तसं झालं. सतरा वेळा झालं. आता उठता येत नाही.” त्यांनी बोट ठेवलं, बोट पानाच्या आत गेलं. “वाचा.”

तिने वाचलं. लेमा ४.७. पहिली बाब: आवर्तन, म्हणजे जितक्या धाग्यांनी नक्षी पुन्हा येते तो आकडा, विषम असताना. दोन पानांची सिद्धता, सुबक, एकेक पायरी घासलेली. दुसरी बाब: आवर्तन सम असताना. तिथे एकच वाक्य होतं. ‘हे उघडच आहे.’

“का उघड आहे, सर?”

“तेच,” तरे सर म्हणाले. “तेच आठवत नाही.”

गोडाऊनमध्ये कुठेतरी पत्रा एकदा वाजला.

“लिहिलं त्या दिवशी अगदी उघड होतं. टायपिस्ट थांबला होता. नंतर आयुष्यभर भिवंडीच्या कॉलेजात शिकवलं, पण हे पान उघडायची हिंमत झाली नाही. ते स्कॅन करायला आले, तेव्हा नेमकं हेच पान. मी अंगठा ठेवला. माझ्याने तेवढंच झालं.” त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. डोळे होते, पण चष्म्याच्या जरा मागे, जिथे असायला हवेत त्याच्याही मागे. “अठराव्या होऊ नका हो.”

*

बाहेर येऊन तिने मनिषा मॅडमना फोन लावला. मॅडम तिच्या मार्गदर्शक.

“पान त्रेसष्ट? मिळालं तर! टाक क्रमांक आणि पाठवून दे.”

“मॅडम, दुसऱ्या बाबीला सिद्धताच नाहीये. नुसतं ‘हे उघडच आहे’ म्हटलंय.”

“मग असेल उघड.”

“मला नाही दिसत.”

“धम्मदिना, सतरा जणांनी वापरलाय तो लेमा. सतरांत मी आहे. माझी पीएचडी त्यावर उभी आहे. तुला महिनाअखेर गाठायची आहे ना?”

हवं तर फोन ठेवून तिला घरी जाता आलं असतं. पान क्रमांक मिळाला होता. समितीने तेवढाच मागितला होता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा राहनाळला होती, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तरे सर क्रेटवर आणि ती समोर पोत्यावर, चौकटीचे कागद पसरून. बाब दोन सिद्ध झाली तर अध्याय वाचणार होता, सर सुटणार होते, मॅडमची पीएचडी टिकणार होती. सगळे सुखी. फक्त सिद्ध होईना. सर पायरी सुचवत, ती लिही, सहाव्या ओळीला तिढा पडे. मग सर म्हणत, “मागे घ्या.” आणि त्यांच्या आवाजाबरोबर खोक्यांमधून गार वारा येई. कागद मात्र एकही हलत नसे.

सहाव्या दिवशी शैलेश तिच्यासाठी चहा घेऊन आला. सरांकडे न बघता, तिरका चालत. चहा ठेवताना त्याची नजर तिच्या कागदावर पडली, बारा बाय बाराच्या चौकटीवर.

“हे डिझाइन चालत नाय, मॅडम.”

“का? दादा, यात सगळ्या अटी पाळल्यात. उलट हेच मी सिद्ध करतेय, की हे सुटणार नाही.”

“सुटणार. हे डबल कापड हाय. पंधरा वर्षं लूमवर काढली मी. असा ग्राफ आला का मास्टर बोलायचा, नीचेवाला अलग, उपरवाला अलग.” त्याने चहाच्या ओल्या बोटाने काळे चौकोन दाखवले. “हे धागे ह्यांच्याशीच बोलतात, ते त्यांच्याशी. दोघांची ओळखच नाय.”

लहानू पॅकिंगच्या प्लास्टिक पट्ट्या घेऊन आला, हिरव्या आणि पांढऱ्या. त्या तिघांनी जमिनीवर बसून कागदाप्रमाणे पट्ट्या विणल्या: बारा उभ्या, बारा आडव्या, शैलेश वर-खाली सांगत होता. नुसतं बघून विणकाम घट्ट वाटत होतं. मग लहानूने वरच्या दोन कडा धरून उचलल्या. अर्धं विणकाम अलगद त्याच्या हातात आलं. उरलेलं अर्धं जमिनीवर तसंच होतं, पूर्ण, जसं काही वरचं कधी नव्हतंच.

तरे सर वाकून जमिनीवरच्या थराकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यातून पट्ट्यांचा हिरवा रंग दिसत होता.

“वर्गाबाहेर लूम चालायचे,” ते शेवटी म्हणाले. “तीस वर्षं. आवाजाने शिकवता येत नाही म्हणून मी खिडक्या बंद करून घ्यायचो.”

*

त्या संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. फक्त तरे सर हयात असल्याचा समज राहू दिला. लेमा खोटा आहे. वापरला तर अध्याय होतो, कुणी तपासणार नाही, सतरा जणांनी वापरलाय. नाही वापरला तर नोंदणी जाते. मुदतवाढ मिळते, पण अर्जावर मॅडमची सही लागते, आणि मॅडमचीच पीएचडी...

शांताबाई कपड्यांच्या घड्या करत होत्या. “मुदत संपलेलं इंजेक्शन हातात आलं, तर सतरा पेशंटना टोचलंय म्हणून अठराव्याला टोचू का मी?”

“त्या सतरांचं काय, आई?”

“त्यांना फोन करायचा. लाज वाटते, पण करायचा.”

धम्मदिनाने चार पानी टिपण लिहिलं: ‘तरे यांच्या लेमा ४.७ ला प्रतिउदाहरण’. बारा बाय बाराची चौकट छापली, पट्ट्यांचा फोटो जोडला, शैलेश म्हात्रे यांचे आभार मानले. तरे सरांनी सहलेखक व्हायचा आग्रह धरला. निबंध चढवायच्या फॉर्मवर त्यांच्या संस्थेच्या रकान्यात तिने ‘राहनाळ’ लिहिलं. ई-मेल नाही. फॉर्मने हरकत घेतली नाही. मग तिने सतराही जणांना टिपण पाठवलं. त्यातले दोघे वारले होते. “त्यांना मी कळवतो,” सर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे बूट नव्हते.

मग उत्तरं येत गेली. पोलंड, जपान, कॅनडा, तिघांचीही एकाच दिवशी, सगळ्यांना वाईट वाटलं होतं. त्या दुपारी सर कमरेपासून वर उरले. एक फ्रेंच बाई चिडल्या, पण ‘बरोबर आहे’ म्हणाल्या, आणि डावा हात गेला. कानपूरच्या एका प्राध्यापकांनी नऊ प्रश्न विचारले. नवव्याचं उत्तर गेल्यावर चष्मा विरला. सर ओझं उतरल्यासारखे बोलू लागले होते. आवाज आता ओठांबरोबर येत होता.

“लेमा गेला म्हणून तुमचा अध्याय जात नाही,” ते रोज म्हणत. “एक वाट आहे. मला दिसते आहे. जरा नीट मांडतो आणि सांगतो.”

एकोणतीस तारखेपर्यंत सोळा झाले. मनिषा मॅडम गप्प होत्या. बारा दिवस फोन नाही, मेल नाही, अर्जावर सही नाही. धम्मदिनाने टिपण काढून टाकायचं बटन दोनदा उघडून पाहिलं होतं. दोनदा बंद केलं.

तीस तारखेला दुपारी ती गोडाऊनमध्ये वही उघडून बसली. क्रेटच्या वर आता फक्त सरांचा चेहरा आणि खडूने माखलेला उजवा हात होता. “मांडून झालं,” ते म्हणाले. चेहरा इतका आनंदी होता, की ती त्यामागची सूचना वाचायची विसरली. “सम आवर्तनाची बाब लेमाशिवाय पार कशी पडते ते बघा. अगदी सुंदर आहे.”

फोन थरथरला. मॅडम. मेलच्या पहिल्या ओळी पडद्यावरच दिसल्या: ‘मी वाचलं. घरी रिबिनी आणून स्वतः विणून बघितलं. सुटलं. माझा निबंध मी मागे घेते आहे. तुझ्या मुदतवाढीच्या अर्जावर सही केली, सहा महिने...’

तिने वर पाहिलं. सरांच्या हाताची बोटं टोकांकडून पातळ होत होती.

“सर, लवकर सांगा!”

तरे सरांनी तिच्याकडे नापसंतीने पाहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सिद्धता कधी मधून सुरू केली नव्हती.

“घाई करू नका,” ते म्हणाले. “आधी व्याख्या लिहा.”

“सर, व्याख्या मला माहीत आहेत! नुसती वाट सांगा, एक शब्द—”

“लिहा. समजा, आपण एक कापड घेतलं—”

आवाज तिथेच थांबला. बारकोडचा स्टिकर हवेतून गिरक्या घेत खाली आला आणि क्रेटवर पडला. बाहेरचा उकाडा एकदम आत शिरला, जसा कुणी शटर उघडल्यावर शिरावा. खोक्यांमागून लहानू आला, रिकाम्या क्रेटकडे बघत उभा राहिला, मग त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“गेला?”

“गेले.”

“काय बोलला जाताना?”

धम्मदिनाने वहीत पाहिलं. “समजा, आपण एक कापड घेतलं.”

लहानूने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

“मंग घ्या की,” तो म्हणाला, आणि वळ गावाहून माल आला होता तो उतरवून घ्यायला गेला.

ती बसून राहिली. सहा महिने होते. तिने ओळीखाली एक रेघ मारली, बारा बाय बाराच्या जागी दोन बाय दोनची चौकट काढली, सगळ्यात लहान, आणि पहिला चौकोन काळा केला.